सूर्य डावीकडे

ही पोरगी दोन घटका एका जागी बसली तर मी नारळ फोडीन, असं माझी आई म्हणायची. तो नारळ तिला कधी फोडावा लागला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न झालं आणि मी जळगावहून धुळ्याला आले, तेव्हा हातात ड्रॉइंग टीचरच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं, ट्रंकेत रंगांचे खोके होते आणि पायाला भिंगरी होती. सर्टिफिकेट सासूबाईंनी कपाटात साड्यांखाली ठेवलं. भिंगरी ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती.

सासरचं घर मागे आणि छापखाना पुढे, मधे एकच भिंत. दिवसभर त्या भिंतीतून पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा ठोका ऐकू यायचा. मी पोळ्या लाटायची आणि लाटणं आपोआप त्या ठोक्यावर चालायचं. पलीकडे काहीतरी घडतंय आणि मी इकडे कणीक मळतेय, या विचाराने मला अक्षरशः खाज सुटायची. घरातल्या बायकांकडे छापखान्याचं एकच काम असे. लग्नपत्रिका छापून आल्या की त्यांना घड्या घालायच्या आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं. लग्नसराईत माझी बोटं पिवळी व्हायची आणि डोकं लाल. सासूबाईंना तेवढं काम पुरत असे, मला पुरत नव्हतं. मला भिंतीच्या पलीकडे बसायचं होतं. दागिने नको, फिरायला नको, तेवढं एकच हवं होतं.

पलीकडे राज्य होतं सासऱ्यांचं. त्यांना सगळा बाजार आबा म्हणायचा आणि मीही. खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळ बांधायची, आणि ती ओळ आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज उलटीच वाचायची. धुळ्यात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट बोलली जायची की आबांच्या हातून शब्द सुटत नाही. पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं आणि मांडवात रुसवाफुगवी झाली, हे दुसऱ्या छापखान्यांत व्हायचं, आमच्याकडे नाही. गिऱ्हाईकाने लिहून दिलेला शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही, हा त्यांचा नेम. ते या नेमाबद्दल बोलत नसत. फक्त तसं वागत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक बसवाला आला. त्याची एकच बस होती, ती लग्नसराईत वऱ्हाडं वाहायची आणि बाकीचे महिने ऊन खात उभी असायची. त्याच्या डोक्यात आलं की दिवाळीआधी लोकांना दोन दिवस तोरणमाळला न्यावं. तळं, देऊळ, थंड हवा, येताना शहाद्याला जेवण. त्याला एक मोठं पोस्टर हवं होतं, चित्र असलेलं, आठ दिवसांत. आबांनी हात वर केले. चित्राचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, मुंबईहून करून आणावा लागे, त्याला पंधरा दिवस. मी चहा घेऊन दारात उभी होते. कप खाली ठेवायच्या आत मी बोलून गेले की ब्लॉकची गरज नाही, चित्र आपण इथेच करू, नुसत्या त्रिकोण, गोल आणि चौकोनांचं.

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात मीठ घातलंय. बसवाला हसला. आबा हसले नाहीत. म्हणाले, करून दाखव आधी.

त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पतंगाचे कागद पसरले. गुण्या आणि कंपास लग्नानंतर पहिल्यांदाच बाहेर आले. कोर्सला एक सर होते, ते म्हणायचे की झाड काढू नका, झाडाचा आकार काढा. तेव्हा ते बोलणं डोक्यावरून जायचं. आता निळ्या कागदाचे त्रिकोण कापून एकामागे एक ठेवले आणि माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर सातपुडा उभा राहिला. मोठा त्रिकोण मधे, दोन्ही बाजूंना सारखे लहान. खाली अर्धा गोल, ते तळं. तळ्याकडे निमुळता होत जाणारा रस्ता, तोही त्रिकोणच, फक्त बारीक आणि लांब. रस्त्यावर बस म्हणून एक आडवा चौकोन आणि त्याला दोन चाकं. सासूबाईंच्या वाटीने तांबड्या कागदावर गोल आखला आणि कापून डोंगरांच्या उजव्या खांद्यावर ठेवला. तो उगवता सूर्य.

तो सूर्य मी दहा वेळा हलवला. वर ठेवला तर भाकरीसारखा एकटा दिसायचा, मधे ठेवला तर देवळाचा कळस वाटायचा. उजव्या खांद्यावर अर्धा लपवला तेव्हाच तो सूर्य झाला. त्या दोन तासांत मी एकदाही उठले नाही, हे नंतर सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितलं. मला मात्र बसल्याबसल्याही पळाल्यासारखं वाटत होतं. तोरणमाळ मी पाहिलं नव्हतं. सातपुडाही धडपणे पाहिला नव्हता. जळगावात आमच्या गल्लीतून केळीच्या वखारीची भिंत दिसायची आणि मला दिशा कळायच्या त्या स्टेशनावरून आणि टॉकीजवरून. तरी डोंगर कसा असतो हे मला माहीत आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

आबा फरशीपाशी आले, वाकून एकेक आकार पाहिला. मग म्हणाले, "हाई चित्र शे का भूमिती?" मी म्हटलं दोन्ही. त्यांनी मान हलवली. "हाई एक काम नीट करी दखाड. मंग आठेच बसत जाय." आठे म्हणजे इथे, त्यांच्या छापखान्यात. मी भांडी घासताना त्या दिवशी दोन कप फोडले.

गल्लीतल्या सुताराकडून सागाचे ठोकळे करून घेतले. खिळ्यांच्या उंचीला उंची बरोबर हवी, नाहीतर शाई लागत नाही. सुताराला त्रिकोण आणि गोल कापायला काय लागतं? तळ्याच्या लाटा आणि देवळाची नक्षी त्याला जमली नसती, म्हणून तर हे आकार. शाई तीन रंगांची, निळी डोंगर-तळ्याला, तांबडी सूर्याला, काळी अक्षरांना आणि बसला. एक रंग छापायचा, वाळवायचा, मग त्याच कागदावर दुसरा.

आता मजकूर. बसवाल्याने चिठ्ठीवर खरडून दिलं होतं ते त्याचं त्यालाच वाचता आलं असतं. म्हणून आबांसाठी ते स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचं काम मी घेतलं. वर "सातपुड्याच्या कुशीत, चला तोरणमाळ". खाली "शनिवारी सकाळी ६ वाजता, बस धुळ्याहून सुटेल". वरची ओळ झकास बसली. खालची ओळ मोठ्या लाकडी अक्षरांत मोजली तर डोंगरांच्या पायापेक्षा लांब जात होती. दोन ओळी केल्या असत्या तर रस्त्याचा त्रिकोण कापावा लागला असता. मी ती ओळ तीनदा मोजली. तीनदा ती एका शब्दाने लांब भरली.

मग मी "सकाळी" गाळला. चित्रात भला मोठा उगवता सूर्य असताना पुन्हा सकाळ कशाला सांगायची, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यात जरा ऐटही वाटली. आबांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. माझा कागद त्यांनी समोर ठेवला आणि त्यावर होतं तेवढं तंतोतंत जुळवलं. काम झाल्यावर कागद भिंतीवरच्या तारेत खोचला. बसवाल्याची मूळ चिठ्ठी तिथेच आधी खोचलेली होती. त्या चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण सुनेने उतरवून दिलं होतं.

ठोकळे लोखंडी चौकटीत मीच बसवले. माझं चित्र शेजारी ठेवलं आणि तसेच्या तसे मांडले. आबांनी अक्षरांच्या ओळी वर-खाली घातल्या, नवऱ्याने चौकट आवळून मशीनवर चढवली. रंग वेगळे करण्याआधी सगळं एकदम काळ्या शाईत नमुन्याला छापलं आणि पहिला कागद निघाला. डोंगर छान, तळं छान, बस अगदी बस. सूर्य डावीकडे.

मला लागलीच कळलं. अक्षरं उलटी जुळवली की कागदावर सुलटी उमटतात, हे या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मी आकार सुलटे मांडले होते, ते कागदावर उलटे उमटले. आबांच्या लक्षात आलं नाही. त्यांची नजर उलटं अक्षर अंधारात पकडायची, पण गोल उलटा केला तरी गोल आणि त्रिकोण उलटा केला तरी त्रिकोण. डोंगर, तळं, रस्ता, बस, सगळं दोन्हीकडून सारखंच होतं. डावं-उजवं सांगणारी त्यात एकच वस्तू होती आणि ती मी ठेवली होती.

सांगितलं असतं तर चौकट सोडून पुन्हा बांधावी लागली असती, म्हणजे फार तर पाऊण तास. शाई चढली होती, नवरा पायडलवर पाय ठेवून वाट पाहत होता, आणि माझ्या अंगात तर मुंग्या उठल्या होत्या की कधी एकदा हे भिंतीवर लागतं. मी कागद हातभर लांब धरून पाहिला. डावीकडेही वाईट दिसत नव्हता. सूर्य तो सूर्य, इकडे काय नि तिकडे काय, असं मनाशी म्हटलं आणि तोंडाने म्हटलं, चालू द्या.

दोन दिवसांत पोस्टरं धुळ्यात लागली, नरडाण्याला लागली, शिंदखेड्याच्या बाजारात लागली. भाजी आणायच्या निमित्ताने मी रोज बाहेर पडायची आणि नको असलेली भाजी घेऊन यायची. एका भिंतीपुढे तर मी ओळखीचं कुणी भेटल्याचं नाटक करत इतका वेळ उभी राहिले की पानवाल्याने विचारलं, कुणाची वाट बघताय का ताई. नाही म्हटलं. पण बघत होते. कुणीतरी थांबून ते पोस्टर पाहावं याची.

शनिवारी सकाळी बस गेली ती निम्मी रिकामी. बस ड्रायव्हरवर सोपवून मागे राहिलेला बसवाला दुपारी येऊन कुरकुरला, पण पहिलीच वेळ आहे म्हणून आबांनी त्याची समजूत काढली. संध्याकाळी साडेपाचला तो पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बस सुटायच्या मैदानावर चाळीसेक माणसं बोचकी घेऊन येऊन बसली होती आणि बस कुठे आहे म्हणून विचारत होती. सगळी खेड्यापाड्यांतली. पोस्टरवर सकाळ लिहिलेलीच नाही, आणि आपण तर लिहून दिली होती, असं तो म्हणाला.

आबांनी तारेतून त्याची चिठ्ठी काढली. सकाळी. स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. मग टोपी घालायला आत गेले. तेवढ्या वेळात मी तारेतला माझ्या अक्षरातला कागद काढून कमरेला खोचला. हे मी विचार करून केलं नाही. हात गेला आणि काढला. पण हात माझाच होता.

मैदानावर मीही मागोमाग गेले. कुणी चल म्हटलं नव्हतं. लोक चिडलेले नव्हते, तेच जास्त अवघड होतं. भाकऱ्या बांधून, नवी लुगडी नेसून, शांतपणे बसले होते. बसवाल्याने आवाज चढवला तेव्हा आबा पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक मन्ही शे. शब्द मन्हाकडतून ऱ्हायना."

मी तिथेच, त्यांच्यामागे दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी उघडलं नाही.

बोचक्यावर बसलेली एक म्हातारी माझ्याकडे पाहून हसली. नरडाण्याजवळच्या खेड्यातली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं हे तिनेच सांगितलं. शब्द राहिला म्हणून कुणी फसलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, मग अक्का, संध्याकाळ कशावरून धरली?

"मन्हं माहेर सातपुडाना पायथाले शे, माय. डोंगर आमना उत्तरले. तिकडे तोंड करं का डावा हातले दिन बुडस. तुमना कागदवर बी तो डावा हातलेच शे. मंग संध्याकायनी गाडी म्हनीसन उनूत आम्ही."

तिने हातांनी दाखवलं. हा डोंगर, हा उगवतीचा हात, हा बुडतीचा हात. बाकीच्या बायकाही माना डोलवत होत्या. त्यांच्यातल्या कुणालाच यात कोडं वाटत नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आनंद झाला. कुणीतरी माझं चित्र थांबून पाहिलं होतं, नीट वाचलं होतं. मी काढलं त्याहून नीट वाचलं होतं.

बसवाला म्हणाला, सोमवारी पुन्हा नेतो. काही जण कबूल झाले. म्हातारी नाही झाली. कापूस वेचणी तोंडावर होती, सुनेने हे दोनच दिवस मोकळे दिले होते. "आते ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि बोचकं उचलून शेवटच्या गाडीला निघाली.

घरी आल्यावर आबांनी तारेतले कागद एकेक करून काढले. माझा कागद शोधत होते. उतरवलेल्यात तो शब्द होता की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं. सगळी तार रिकामी केली, पुन्हा भरली, टेबलाखाली पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि कागद माझ्या कमरेला टोचत होता. शेवटी ते म्हणाले, पडला असेल कुठे, जाऊ दे, आणि तांब्या माझ्या हातातून घेतला. सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना मी तो बंबात घातला.

त्यानंतर मला बसवेना आणि उभंही राहवेना. आधीची चुळबूळ वेगळी होती, तिला निदान भिंतीपलीकडची दिशा होती. आता मी भरलेले डबे पुन्हा निवडायची, धुतलेलं धुवायची. भिंतीतून ट्रेडलचा ठोका थांबत थांबत यायला लागला, कारण आबा एकेक ओळ तीन-तीनदा तपासायचे. जुळवलेली ओळ उजेडात नेऊन धरायचे, बोटाने चाचपायचे, पुन्हा सोडायचे. बसवाल्याने चारचौघांत बोलून ठेवलं होतं. गिऱ्हाईकं आता चिठ्ठी देताना म्हणायची, आबा, जरा बघून हं. ते हो म्हणायचे. एक जण तर पत्रिकेचा मजकूर नवऱ्याच्या हातात द्यायला लागला, आबा समोर बसलेले असताना. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. त्याने तर ते आणखीच खचले. नजर चांगली आहे तर मग डोकंच गेलं, असं त्यांनी धरलं.

दहाव्या दिवशी दुपारच्या जेवणाला त्यांनी सांगून टाकलं की आता आपण जुळणी सोडतो, सून करेल, तिचा हात बरा आहे. सासूबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला. मला जे हवं होतं ते माझ्या ताटात पडलं होतं आणि मला ते गोड लागेना.

मी तिथेच सांगितलं. वाढता वाढता, उभ्याने. "आबा, तो शब्द तुमच्याकडून राहिला नाही. मी लिहिलाच नव्हता. जागा पुरेना म्हणून मीच गाळला. सूर्यही उलटा पडला होता, ते मी पाहिलं आणि गप्प बसले. तुम्ही शोधत होतात तो कागद मी बंबात घातला."

सगळं सांगितलं. काही शिल्लक ठेवलं नाही. नवऱ्याचा हात ताटावर थांबला. आबा माझ्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता हे ओरडतील, आणि ते ओरडले तर किती बरं होईल. त्यांचे डोळे भरून आले. ते सासूबाईंकडे वळले.

"देख, सून भेटनी ते अशी. मन्हासाठे चूक सोतावर लई ऱ्हायनी."

मी पुन्हा सांगायला लागले, की तुमची चूक मी अंगावर घेत नाहीये, ती माझीच आहे. शपथ घेतली. जितकं सांगावं तितके ते अधिक मायेने मान हलवत गेले. कागद दाखव म्हणाले असते तर दाखवायला कागद नव्हता. बसवाल्याकडेही मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले, नवऱ्याला न सांगता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि बाजारात सांगत सुटला की आबांची सून लाखात एक आहे. महिनाभर बायका मला हळदीकुंकवाला बोलावून तेच ऐकवत होत्या.

आबांनी त्यानंतर खिळ्याला हात लावला नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला पलीकडे बोलावलं, आपल्या स्टुलावरून उठले, खिळे जुळवायची त्यांची लोखंडी पट्टी धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.